धुराचा चढ

ओव्हाळ बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला हात लावायच्या. घरातलं कुणी चटई अंथरत असायचं, कुणी पाणी आणायला आत वळलेलं असायचं, आणि बाई मात्र उभ्याच, उजव्या हाताचा तळवा भिंतीवर टेकवून. मग निकाल. "गार हाय भिंत तुमची." बारशाला गेल्या तरी हेच आणि दिवसकार्याला गेल्या तरी हेच. भोरच्या डॉक्टरांनी त्यांना नाडी दाखवायला हात पुढे करायला सांगितलं, तेव्हा बाईंचा हात दवाखान्याच्या भिंतीवर होता. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी वर्गाच्या भिंतीवर हात ठेवायला लावला होता. साहेबांनी ठेवला. ओला झाल्यावर काय करावं ते त्यांना कळेना, शेवटी त्यांनी तो पँटला पुसला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी नेमणूक वेल्ह्याच्या शाळेत झाली, तिथे बाई माझ्या आधीपासून होत्या. मी सासवडची. कोरड्या हवेत वाढलेली. पाऊस म्हणजे यावा, पिकापुरता पडावा आणि शहाण्यासारखा निघून जावा, अशी माझी समजूत होती. वेल्ह्यात तोरण्यावर ढग बसला की उठायचं नावच घ्यायचा नाही. ट्रंकेतल्या साड्यांना बुरशी यायची, पापड वातड व्हायचे, आणि काडेपेटी घासून घासून माझ्या अंगठ्याला फोड आला होता. मी पहिल्याच पावसाळ्यात रडकुंडीला आले. बाईंनी मला समजावलं वगैरे काही नाही. माझं नाव 'सासवडकरीण' ठेवलं आणि तेच शाळेत रूढ केलं.

अंगानं ठेंगण्या, रुंद हाडाच्या, आणि चालताना किंचित पुढे झुकलेल्या. सपाट रस्त्यावरसुद्धा त्या चढ चढत असल्यासारख्याच चालायच्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या आणि रागावल्या की गावची. त्यामुळे बाई रागावल्या आहेत हे पोरांना पहिल्या 'न्हाई'लाच कळायचं. सकाळी वाडीवरनं, धनगरवाड्यावरनं पोरं निथळत यायची. बाई दारात उभ्या राहून एकेकाचा कान धरायच्या. नवं पोर घाबरून ओरडायचं, पण बाई कान पिळत नसत, तो किती गार आहे ते बघत. फार गार असला तर त्या पोराची जागा त्या दिवशी खिडकीपासून लांब.

बाईंचे यजमान दिनकरराव. त्यांना सगळं गाव 'डायवरसाहेब' म्हणायचं. ते एसटीवर ड्रायव्हर होते आणि वेल्ह्याची मुक्कामी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं आणली-नेली होती. दम्यानं बेजार झाले तशी नोकरी सोडली. मी त्यांना पाहिलं ते घरात बसलेलेच. उन्हाळ्यात माणूस ठणठणीत, बस स्टँडवर जाऊन सगळ्यांच्या चौकशा करणारा. पावसाळा लागला की खाटेवर बसून, गुडघ्यांवर कोपरं टेकून, एकेक श्वास ओढून आणल्यासारखा घ्यायचा. मी गेले त्या वर्षी श्रावणात त्यांना दोनदा भोरला न्यावं लागलं. डॉक्टरांनी बाईंना स्पष्टच सांगितलं, "ही ओल यांना मारणार. खाली देशावर न्या. इथं आणखी दोन-तीन पावसाळे निघतील असं मला वाटत नाही."

जायला जागाही होती. भोंगवलीच्या बाजूला एका शाळेत पद रिकामं होतं, हवा कोरडी, बाईंचा अर्ज गेला असता तर बदली झाली असती. शाळेत सगळ्यांनी सांगितलं, जा. मीही सांगितलं. पुण्याला शिकणाऱ्या त्यांच्या मुलानं, सुधीरनं, घरी येऊन सांगितलं. बाई ऐकून घ्यायच्या आणि खडू उचलून वर्गात जायच्या. शेवटी एकदा मधल्या सुट्टीत मी फारच मागे लागले, तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"भोंगवलीला त्ये कुनाशी बोलतील गं? हितं येष्टी येयाचा टाइम झाला की लोकं त्यास्नी इचारत्यात. गाडी एक अन् मानसं शंभर, सगळ्यांची वळख. थितं त्ये कोन? बाईंचा आजारी नवरा. मानूस वाचवायचा म्हनून न्यायचा आन् गप बसवून मारायचा व्हय? म्या त्यास्नी इचारलं. त्ये न्हाई म्हनले. सपलं."

"अहो पण ओल?"

"वल माज्या घरात घुसलीय. मी कशाला घर सोडू? तिनं सोडावं."

हे बोलणं ठीक होतं, पण पावसाला घराबाहेर काढायचं कसं ते बाईंनाही माहीत नव्हतं. घर त्यांचं स्वतःचं, गावाच्या कडेला, नवराबायकोनं हौसेनं बांधलेलं. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढची खोली, मधलं घर, बाजूला डायवरसाहेबांची खोली, आणि सगळ्यात मागे, कोपऱ्यात, चूल. एक मात्र वेगळं होतं. त्या घराला पडवी नव्हती. वेल्ह्यासारख्या पावसाच्या गावात पडवी नसलेलं घर मी तेवढं एकच पाहिलं. माणूस रस्त्यावरनं उंबऱ्यात आणि उंबऱ्यावरनं थेट आत. मी विचारलं तर बाई म्हणाल्या होत्या, "मुद्दाम."

युक्ती सुचली ती डायवरसाहेबांच्या एका वाक्यावरून. जुन्या एसटी गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी असायचं, वर लोखंडी बॉनेट. पावसाळ्यात त्या बॉनेटजवळ बसायला बायकांत भांडणं व्हायची, कारण मागे खिडक्यांतून झड आत यायची आणि ड्रायव्हरच्या मांडीशी मात्र चैत्र असायचा. एके दिवशी छाती दाबून बसलेले डायवरसाहेब म्हणाले, "बॉनेटापाशी मला कदी दम लागला न्हाई." त्यांनी ते सहज म्हटलं होतं, तक्रार म्हणूनही नाही. बाईंनी मात्र हातातली पोरांची वही खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सासवडकरीण, गाडीचं इंजिन मानसापाशी. मग घराची चूल मागं कोपऱ्यात का? सगळी ऊब परसातल्या कोंबड्यास्नी?" मी म्हटलं, चूल मागेच असते. "का?" पद्धत आहे म्हणाले असते, पण बाईंपुढे पद्धतीचं नाव काढायची सोय नव्हती. त्या रविवारी त्यांनी मागची चूल स्वतः पहारीनं फोडली.

काम करायला भोरहून इस्माईल मिस्त्री आले. चुना, माती, वीट, जे द्याल ते ओळंब्यात उभं करणारा माणूस. त्यांना बाईंचा बेत काही केल्या पटेना. चूल मधल्या घरात, मधोमध. तिचा धूर सरळ वर न सोडता विटामातीच्या एका लांब कट्ट्याच्या पोटातून न्यायचा. कट्टा मधल्या घरातून निघून भिंत ओलांडून डायवरसाहेबांच्या खोलीत शिरणार, त्यांच्या खाटेशी संपणार, आणि तिथून बाहेरच्या भिंतीला लागून धुराडं वर. म्हणजे धूर बाहेर पडायच्या आधी आपली सगळी ऊब घरात उतरवून जाणार. कौलांखाली बांबूच्या तट्ट्या आणि त्यांवर मातीचा लेप, ऊब वर पळून जाऊ नये म्हणून.

"बाई, मधी चूल म्हनल्यावर पाव्हनं कुठं बसत्याल?" मिस्त्रींनी विचारलं.

"चुलीपाशी."

"आन् डायवरसाब?"

"चुलीपाशी."

"आन् तुमी?"

"मी थितंच असते की, मिस्त्री. पाव्हनं मागच्या घरात बसत नव्हतं म्हनून मी एकटी पडत हुते."

मिस्त्रींनी मान हलवली आणि कामाला लागले. काम देखणं झालं. कट्टा असा गुळगुळीत की मांजर घसरेल. पहिल्यांदा चूल पेटवायची म्हणून बाईंनी आम्हा शाळेतल्या सगळ्यांना बोलावलं, शेजाऱ्यांना बोलावलं, डायवरसाहेबांना नव्या कट्ट्यावर उशीला टेकवून बसवलं. बाहेर पाऊस लागलेला होता. बाईंनी काडी लावली.

धूर कट्ट्यात शिरला, थोडा वेळ आत राहिला, आणि मग त्याचा विचार बदलला असावा, तो आल्या वाटेनं परत फिरला. चुलीच्या तोंडातून असा लोट आला की मला समोरची भिंत दिसेना. कुणीतरी दार उघडलं, तर धूर रस्त्यावर. रस्त्यावरच्यांना वाटलं घर पेटलं. लोक हंडे-कळशा घेऊन धावले, आणि एकानं तर काही न विचारता नव्या कट्ट्यावर कळशी रिकामी केली. आम्ही डायवरसाहेबांना उचलून बाहेर आणलं. त्यांच्या ओठांवर निळसर झाक आली होती. शेजारच्या गोठ्यात त्यांना ठेवलं, आणि त्यांचा श्वास जाग्यावर येईपर्यंत बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

गावाला मात्र बोलायला तोंड फुटलं. नवऱ्याला वाचवायला निघाली अन् धुरी दिली म्हणे. घराला 'भट्टी' नाव पडलं. दुकानात बाई गेल्या की कुणीतरी हळूच विचारायचं, कोळसा कधी मिळणार. डायवरसाहेब खोकत खोकत हसायचे. बाई हसत नव्हत्या.

चार दिवसांनी ऊन नसलं तरी उघडीप होती. मिस्त्री पुन्हा आले. माझं काम चोख आहे, असं त्यांचं म्हणणं. दाखवतोच, म्हणून त्यांनी कट्ट्याच्या तोंडाशी, चुलीच्या बाजूनं, तांब्याभर पाणी ओतलं. पाणी आतल्या आत सुरेख वाहत गेलं आणि पार पलीकडे, धुराड्याच्या बुडाशी ठेवलेल्या भोकातून बाहेर पडलं. एक थेंब मागे नाही. मिस्त्री खूश झाले. "बगा. कसा ढाळ हाय."

बाईंनी वाकून त्या ओघळाला बोट लावलं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, हितनं पानी जायाचंय का धूर?"

मिस्त्रींचा हात तांब्यावरच राहिला. पावसाच्या मुलखातला गवंडी. ओटा असो, न्हाणी असो, गच्ची असो, जे बांधायचं त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, म्हणजे ढाळ, नाहीतर पाणी घरात. हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की धुरालाही त्यांनी पाण्यासारखाच उतार दिला होता. आणि धूर काही खाली जात नाही. "या अल्ला," ते खाली बसत म्हणाले. "धुराला ढाळ दिला म्या. जल्मभर ढाळच देत आलोय बाई, हाताला दुसरं येतच न्हाई."

गोठ्याच्या दारात बसलेले डायवरसाहेब इतके हसले की आम्हाला वाटलं परत दम लागतो. मग मिस्त्री हसले आणि सगळ्यात शेवटी बाई. कट्टा फोडला, पुन्हा बांधला. या वेळी बाई सरळ काठी घेऊन मिस्त्रींच्या शेजारी उकिडव्या बसल्या, आणि दर थराला "चढ हाय ना? ढाळ न्हाई ना?" असं विचारून त्यांनी त्या माणसाला भंडावून सोडलं.

दुसऱ्यांदा पेटवताना मी म्हटलं, आता गुपचूप पेटवा, जमलं तर सांगू लोकांना. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. ज्यानं कळशी ओतली होती त्याला पहिलं बोलावणं गेलं. तो भरलेली कळशी घेऊनच आला. बाई म्हणाल्या, "ठेव खाली. च्या टाकते त्याच पान्याचा." चूल पेटली, धूर कट्ट्यात गेला आणि परत आला नाही. आम्ही सगळे पावसात बाहेर जाऊन धुराड्याकडे माना वर करून उभे राहिलो, तर तिथून निळा, पातळ धूर निघत होता, अगदी सावकाश. बाई बाहेर आल्याच नाहीत. मी आत जाऊन पाहिलं तर त्या डायवरसाहेबांच्या खोलीत भिंतीवर तळवा टेकवून उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कोमट." एवढंच. पण तो शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

पुढे त्या घरावर त्यांनी बरेच प्रयोग केले. एका भिंतीपलीकडे ऊब जाईना, तर भिंतीत वर झरोका पाडला. तरी जाईना. मग त्यांच्या लक्षात आलं की वरून गरम हवा जायची तर खालून गार हवेला परत यायला वाट हवी. तेव्हापासून प्रत्येक भिंतीला दोन भोकं, एक आढ्याजवळ, एक जमिनीशी. चौथीच्या पोरांना हा धडा त्यांनी आपल्या घरी नेऊन शिकवला, खालच्या भोकाशी उदबत्ती धरून. धुराची रेघ चुलीकडे ओढली जाते ते बघायला पोरं पोटावर झोपली होती. घर उबदार झालं खरं, पण कुठल्याही खोलीत कुजबुजलेलं सगळ्या घराला ऐकू जायला लागलं. सुधीरचं लग्न झालं, सूनबाई सणाला आली, आणि पहिल्याच संध्याकाळी तिनं आपल्या खोलीच्या दोन्ही झरोक्यांत उशा कोंबल्या. दुसऱ्या दिवशी तिला शिंकांवर शिंका. बाईंनी फक्त तिच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावला आणि बाहेर आल्या. मग सूनबाईनं आपणहून उशा काढल्या. पुढे नवराबायको काही खासगी बोलायचं असलं की छत्री घेऊन रस्त्यावर जायचे.

'ढाळ' आणि 'चढ' हे शब्द बाईंनी तेव्हापासून सगळीकडे वापरले. बदलीचं पुन्हा निघालं तेव्हा म्हणाल्या, "भोंगवली म्हंजे ढाळ. मला चढ पायजे." पोर परीक्षेत मागे पडलं, तर, "ह्याला कुनीतरी ढाळ दिलाय, फोडून परत बांधू." आणि डायवरसाहेबांना डॉक्टरांनी दिलेले दोन-तीन पावसाळे निघाले, मग आणखी निघाले. औषध सुटलं नाही, दमही गेला नाही, पण आषाढात ते कट्ट्यावर पाठ टेकून बसून लोकांच्या चौकशा करू लागले. स्टँडवर जाता येत नव्हतं, तर स्टँडच त्यांच्याकडे येऊ लागलं, कारण वेल्ह्यात कपडे वाळतील अशी ती एकच जागा होती. माझ्याही साड्या पावसाळाभर तिथेच असायच्या. शाळा सुटली की मी तिकडे जायची आणि माझ्या गळक्या खोलीवर जायला निघवत नसे.

म्हणून तो दिवस मी पाहिला. पाऊस बरेच दिवस थांबला नव्हता. वरल्या आळीतले आबा, गावातलं मोठं घराणं, त्यांच्या मागच्या बाजूची जुनी मातीची भिंत बसली आणि स्वयंपाकघर त्याखाली गेलं. माणसं वाचली. चूल गेली, जळण भिजलं, आणि बरोबर तापानं फणफणलेला लहान नातू. सगळ्या गावाचं जळण भिजलेलं, धूर एकाच घरातून निघत होता. आबा, त्यांची बायको म्हणजे काकू, आणि काकूंच्या पदराखाली तो मुलगा असे बाईंच्या दारात आले.

आबा उंबऱ्याबाहेर थांबले. टोपीतून पाणी गळत होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "पडवी न्हाई व्हय वो बाई तुमच्या घराला? पडवीत बसलो असतो घटकाभर."

बाई चुलीपाशी होत्या. त्या उठून दारात गेल्या. त्यांच्या सासऱ्यांनी आबांच्या वडिलांच्या घरी उभा जन्म लाकडं फोडली होती. पावसातही ते पागोळीखालीच उभे राहायचे आणि भाकरी वरून हातात पडायची. हे मला डायवरसाहेबांनी केव्हातरी सांगितलं होतं, बाईंनी कधीच नाही. त्या दिवशी डायवरसाहेब कट्ट्यावर होते आणि त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता बाई काहीतरी तोडून बोलणार, आणि बोलल्या तर मला वाईट वाटणार नव्हतं.

"पडवी न्हाई आबा," बाई म्हणाल्या. "म्या बांधलीच न्हाई. भाईर बसायचं तर भाईर पाऊस हाय. आत यायचं तर चुलीपातूर यावं लागतंय. मधली जागा ठेवली न्हाई ह्या घराला."

आबा तसेच उभे. पाऊस त्यांच्या पाठीवर पडत होता. मग काकूंनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं, मुलाला घेऊन सरळ आत आल्या आणि कट्ट्यावर डायवरसाहेबांशेजारी बसल्या. पोराला त्यांनी कट्ट्यावर आडवं केलं तसं ते लगेच मुटकुळं सोडून सरळ झालं. आबा आले. चुलीसमोर बसले. बाई त्यांच्यापाशी गेल्या आणि शाळेतल्या पोराचा धरावा तसा त्यांचा कान धरला.

आबांच्या घराण्यातल्या माणसाच्या अंगाला ओव्हाळांच्या घरातल्या कुणी कधी हात लावला असेल असं मला वाटत नाही.

"लई गार हाय," बाई म्हणाल्या. "म्होरं सरका."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. लई गारठलोय," आणि पुढे सरकले. त्यांची भिंत उभी राहीपर्यंत त्या घराचा स्वयंपाक बाईंच्या चुलीवर झाला. नंतरही आबा पावसाळ्यात अधूनमधून यायचे. पडवीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढे माझी सासवडला बदली झाली. बाई निवृत्त झाल्या. डायवरसाहेब गेले ते चैत्रात, कोरड्या ठणठणीत उन्हात, बस स्टँडवर, कुणाला तरी गाडीची वेळ सांगता सांगता. दम्यानं नाही, हृदयानं. मी भेटायला गेले तर बाई रडलेल्या दिसत होत्या, पण मला पाहून पहिलं वाक्य म्हणाल्या ते हे, "पावसानं न्हाई नेलं त्यास्नी. एवढं ध्येनात ठेव. पावसाला म्या मानूस दिला न्हाई." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या.

पुढच्या वर्षी मृगाच्या तोंडावर सुधीरचा मोबाईलवर फोन आला. "मावशी, आता तुम्हीच सांगा आईला. ती एकटी काय करणार तिथं? इथं फ्लॅट आहे, गॅस आहे, एक खोली तिच्यासाठी रिकामी ठेवलीय." मुलगा चांगला आहे, सूनही चांगली. मला त्यांचं पटलं. मी नसरापूरवरनं वेल्ह्याची गाडी पकडली.

बाई परसात होत्या. लांब बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधत होत्या. दरवर्षी पाऊस लागायच्या आधी धुराड्यातली काजळी त्या अशी काढायच्या. भिंतीला शिडी लावलेली होती. खाली सुबाभळीचं जळण रचून ठेवलेलं, नेहमीइतकंच. मी सगळं बोलले. सुधीरचं प्रेम, त्यांचं वय, शिडी, एकटेपणा. त्या गाठी मारत होत्या.

"गॅस हाय की हितंबी," त्या म्हणाल्या. "सुधीरनंच दिलाय. त्याच्यावर भात शिजतो. घर न्हाई तापत."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. मला तो अगदी बरोबर वाटत होता. "बाई, आता डायवरसाहेब नाहीत. हे घर आता कुणासाठी तापवायचं?"

बाईंनी बांबू भिंतीला टेकवला. माझा हात हातात घेतला. मला वाटलं, धीर देतायत. त्यांनी माझा हात उचलला आणि आपल्या कानावर ठेवला. हवेत उकाडा होता, तरी त्यांचा कान गार होता, म्हातारपणी असतो तसा.

"कसा हाय?"

"गार," मी म्हटलं.

"मग?"

इतक्या वर्षांत त्यांनी साऱ्या तालुक्याचे कान पाहिले होते, आणि त्यांचा कान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"मी मानूस न्हाई व्हय गं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि तो कुणावर ते मला कळत होतं. "त्यांच्यासाटी तापवलं, पोरांसाटी तापवलं, आबांसाटी तापवलं. आता मला थंडी वाजती. माज्यासाटी तापवनार. सुधीरला सांग, येयाचं असलं तर पावसात ये, ऊब हाय. न्यायला येऊ नको. खाली उतरायची न्हाई मी." आणि मग जरा हसून, "म्या धुराला ढाळ दिला न्हाई. स्वोताला कसा दिऊ?"

मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले. सुधीरला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते आणि जुळत नव्हतं. गाडी त्यांच्या घरावरून गेली तेव्हा बाई शिडीवर होत्या, पदर कमरेला खोचलेला, हात खांद्यापर्यंत काळे, बांबू धुराड्यात खालीवर करत. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "बाई, पडाल." बाईंनी मागे वळून न बघता बांबू एकदा वर उचलून दाखवला आणि परत आत खुपसला.

वळणावर गाडी एका म्हशीसाठी बराच वेळ थांबली. तिथून घर पुन्हा दिसलं. शिडीवर कुणी नव्हतं. पावसाचा अजून पत्ता नव्हता, आभाळ कोरडं होतं, पण धुराड्यातून निळा, पातळ धूर वर निघाला होता. म्हैस हलली आणि आमची गाडी उताराला लागली.